ॲक्रिलिक शीट कापायला सर्क्युलर सॉ घ्यावा की मार्बल कटरवरच भागवावं?

गंजगोलाई
लातुरात माझं ट्रॉफ्या, नेमप्लेट आणि ॲक्रिलिकच्या पेट्यांचं छोटं काम आहे. निकालाचा हंगाम आला की क्लासवाल्यांच्या ऑर्डरी एकदमच अंगावर येतात आणि लेझरवाला "परवा या" म्हणतो. परवा गेलं की पुन्हा परवा. अक्षरं, लोगो, गोलाई यांना लेझर लागणारच. पण पेट्यांचे सरळ काप तरी आपल्या दुकानात व्हावेत असं डोक्यात आहे. माल मुख्यतः ५ आणि ६ मिमी, कधीमधी १०.

शेजारच्या सुताराकडं ४ इंची मार्बल कटर आहे, लाकडाचं ब्लेड लावलेला. तो म्हणतो, यावरच उरकून टाक. हार्डवेअरवाला ७ इंची सर्क्युलर सॉ घ्या म्हणतो. एक पाहुणे म्हणाले, टेबल सॉ नसेल तर नादच करू नका. जागा दहा बाय चौदा, बजेट बेताचं. मशीन कोणतं आणि ब्लेड किती दातांचं, हे रोज काम करणाऱ्यांनी सांगावं. व्हिडिओ भरपूर पाहिले, पण त्यात कुणाचं कधी काही फुटतच नाही.

दुधनाकाठ
जागा धरून बसलोय. आमच्या सेलूतही हाच प्रश्न आहे.

वाळूजकर_टूलरूम
मशीन नंतर, आधी ब्लेड.

ॲक्रिलिक १०० अंशांच्या जरा वर गेलं की मऊ पडायला लागतं. लाकूड जास्त घासलं गेलं तर काळं पडतं, एवढंच. ॲक्रिलिक वितळतं, कापलेल्या फटीत परत चिकटतं आणि ब्लेडला धरून ठेवतं. म्हणजे दात असा पाहिजे की तो घासत बसणार नाही, चिप काढून पुढं जाईल.

घ्यायचं ते कार्बाइडच्या टोकांचं, दुकानात टीसीटी म्हणून मिळतं. दाताची घडण ट्रिपल चिप. त्यात एका दाताचे दोन्ही कोपरे छाटलेले असतात, पुढचा दात सपाट, परत छाटलेला, परत सपाट. छाटलेला मधून चर पाडतो, सपाट मागून कडा साफ करतो. लाकडाच्या ब्लेडचे दात एक डावीकडं उतरता, एक उजवीकडं. त्यांची अणकुचीदार टोकं ॲक्रिलिकच्या कडेचे टवके उडवतात.

'ॲक्रिलिकचं ब्लेड द्या' म्हणून फिरत बसू नका, दुकानदार गोंधळतो. स्लायडिंग खिडक्या करणारे ॲल्युमिनियम सेक्शनला जे ब्लेड वापरतात ते मागा, बहुतेक याच घडणीचं असतं. दात पुढं झुकलेले नकोत, सरळ किंवा किंचित मागं कललेले. पुढं झुकलेला दात शीट स्वतःकडं ओढतो. ७ इंचीला ६० दात, १० इंचीला ८०. ब्लेडवर जास्तीत जास्त आरपीएम (मिनिटाला फेरे) लिहिलेला असतो, तो मशीनच्या आरपीएमपेक्षा वर हवा. आणि मधलं भोक मशीनच्या स्पिंडलला बसतंय का, हे दुकानातच बघा. नाहीतर रिंगसाठी दुसरी चक्कर.

कळंबचा_कारभारी
मार्बल कटरवर आमी कापतोयच की वो. फ्लेक्सच्या दुकानात समदीकडं तेच हाय. नवीन मशीनला पैसे कशाला घालायलाव?

वाळूजकर_टूलरूम
कारभारी, कापतं हे मान्य. कसं कापतं ते बघू.

मार्बल कटर १२,००० आरपीएमच्या आसपास फिरतो. ११० मिमीचं ब्लेड धरलं तर दाताचा वेग सेकंदाला सुमारे ७० मीटर होतो. ७ इंची सॉ ५,००० ला फिरतो, तिथं हाच वेग ४८ मीटर. आता ४० दातांचं छोटं ब्लेड सेकंदाला ८,००० वेळा शीटला दात लावतं, ६० दातांचं मोठं ५,००० वेळा. तुम्ही दोन्ही मशीनं सारख्याच वेगानं ढकलली तर छोट्या ब्लेडच्या प्रत्येक दाताच्या वाट्याला कमी माल येतो. कमी माल म्हणजे घासणं, आणि घासणं म्हणजे उष्णता. ३ मिमीच्या दोन फुटी कापाला हे जाणवणार नाही. १० मिमीचा आठ फुटी काप घ्या, निम्म्यात ब्लेडला लेप बसलेला दिसेल.

दुसरं गार्डचं. मार्बल कटर दगडासाठी आहे. लाकडाचं ब्लेड बसावं म्हणून लोक गार्ड काढून टाकतात, मग एका हातानं शीट आणि दुसऱ्या हातानं मशीन. त्यावर मी काही लिहीत नाही, ज्यांनी बघितलंय त्यांना माहीत आहे. अँगल ग्राइंडरला दाताचं ब्लेड लावणारे तर आणखी पुढचे. आणि दगडाचं डायमंड ब्लेड ॲक्रिलिकला अजिबात नको. त्याला दातच नसतात, नुसतं घासतं.

कळंबचा_कारभारी
हिशोब लई झाला. पण गार्डचं खरंय. आमच्या पोरानं काढलेला हाय, उद्या लावायला सांगतो.

खडका_खेडकर
५ मिमीपर्यंत मशीन कशाला? हॅक्सॉ ब्लेडचं टोक ग्राइंडरवर घासून आकडी करायची, पट्टी धरून सात-आठ वेळा ओढायची, टेबलाच्या कडेवर ठेवून दाबायचं. टक्. संपलं. वीज नाही, चुरा नाही, आवाज नाही. परभणीत आमच्या दुकानाची अर्धी कामं अशीच निघतात.

गंजगोलाई
खेडकर दादा, ३ मिमीला मीही तेच करतो. ६ मिमीची चार फुटी पट्टी सरळ तुटंल याची खात्री नाही. आणि तुटलेली कड पेटीच्या सांध्याला परत घासावी लागते.

खडका_खेडकर
६ ला नाही जमणार, ते बरोबर. मी ५ म्हटलं तेही जरा लांबवलंच. ४ धरा.

शेंद्र्याचा_शेतकरी
(शेती वडिलांची, नोकरी प्लास्टिकच्या कारखान्यात.)

अजून कुणी विचारलं नाही म्हणून विचारतो. शीट कास्ट आहे की एक्स्ट्रुडेड? निम्मी भांडणं इथंच मिटतात. कास्ट म्हणजे दोन काचांच्या मधे ओतून घट्ट केलेली. तिच्यातले रेणू लांब असतात, तापली तरी लवकर चिकट होत नाही, सॉवर कोरडी चिप निघते. एक्स्ट्रुडेड डायमधून सलग ओढून काढतात. ती स्वस्त आणि जाडीला एकसारखी, पण लवकर मऊ पडते आणि ब्लेडला चिकटते. कास्टच्या जाडीत मात्र फरक सापडतो. ५ मिमीच्या शीटला एका कोपऱ्यात कॅलिपर ४.६ दाखवतो, दुसऱ्यात ५.२. खाचेत बसणारा भाग करत असाल तर आधी मोजा.

दुकानदाराला माहीत नसेल तर एक तुकडा कापून चुरा बघा. कोरडा, सुटा चुरा पडला तर बहुधा कास्ट. लांब दोरे आणि चिकट गोळे निघाले तर एक्स्ट्रुडेड. आणि वाकवल्यावर तुटतच नसेल तर ते ॲक्रिलिक नाही, तुम्हाला पॉलिकार्बोनेट दिलंय.

मिस्त्री_मामा_जालना
एक गुपित सांगतो. लाकडाचंच ब्लेड उलटं लावा. दात पाठीनं घासत जातात, टवका एक उडत नाही. तीस वर्षं प्लायवुड-सनमायका असाच कापतोय.

वाळूजकर_टूलरूम
मामा, तुमच्या हाताबद्दल शंका नाही, पण हे नका सांगू. जुन्या अख्ख्या स्टीलच्या ब्लेडला एखादवेळी चाललं असेल. कार्बाइडचं टोक दाताला नुसतं ब्रेझिंगनं जोडलेलं असतं, पुढून बसणारा दाब मागच्या स्टीलवर जावा अशी त्याची मांडणी. उलटं फिरवलं की दाब सगळा जोडावर. एक टोक सुटलं तर ते सेकंदाला ५० मीटरनं कुठं जाईल, ते कुणी सांगू शकत नाही. शिवाय पाठीनं घासणं म्हणजे परत उष्णताच. सनमायका वितळत नाही, हे वितळतं.

मिस्त्री_मामा_जालना
माझी ब्लेडं जुनी स्टीलचीच हायत. नवीनवाल्यांनी नका लावू मग. पण टवके कसे थांबवायचे ते तरी सांगा, नुसतं नको नको.

वाळूजकर_टूलरूम
सांगतो मामा. हातातल्या सर्क्युलर सॉचे दात खालून वर येतात, म्हणून टवका वरच्या बाजूला उडतो. चांगली बाजू खाली ठेवायची. टेबल सॉवर उलट, तिथं दात वरून खाली जातात, चांगली बाजू वर. शीटवरची फिल्म काढायची नाही, काप तिच्यावरूनच. शीटखाली पूर्ण लांबीला जुना प्लाय नाहीतर थर्माकोलची जाड शीट अंथरायची, म्हणजे शीट थरथरणार नाही. निम्मे टवके थरथरीनं उडतात, त्यात दाताचा दोष नसतो. ब्लेड शीटच्या खाली ४-५ मिमीच बाहेर काढायचं. ॲल्युमिनियमची पट्टी दोन सी-क्लॅम्पनी घट्ट करून तिला टेकवून सॉ चालवायचा.

मशीन आधी पूर्ण वेगात येऊ द्या, मग शीटला लावा. मधे थांबायचं नाही. थांबलात की तिथंच वितळतं. फार हळू गेलात तरी वितळतं, घाई केली तर तडकतं. मधला वेग आवाजावरून कळतो. मोटरचा सूर पडला की तुम्ही जास्त रेटताय. शेवटच्या दोन इंचांना हात हलका करा आणि सुटणाऱ्या पट्टीला खालून आधार द्या, ती स्वतःच्या वजनानं कोपरा मोडून खाली जाते.

अंबाजोगाईची_दंतवैद्य
तुम्ही सगळे ज्याला शीट म्हणताय त्याच्या आम्ही कवळ्या करतो. तोच पदार्थ, पॉलिमिथाइल मेथाक्रिलेट. कवळी घासायला आम्हीही बारीक कार्बाइड बर (दातांची छोटी फिरती घासणी) वापरतो आणि आमचाही घोष एकच, तापू देऊ नका.

थोडं अवांतर. डोळ्यात बसवायच्या कृत्रिम भिंगाची सुरुवातही याच पदार्थापासून झाली. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश लढाऊ विमानांच्या कॉकपिटची छत्री ॲक्रिलिकची असायची. ती फुटून काही वैमानिकांच्या डोळ्यांत कपचे शिरले. हॅरॉल्ड रिडली नावाच्या नेत्रशल्यविशारदांच्या लक्षात आलं की डोळा हे कपचे बऱ्यापैकी सहन करतोय, दाह होत नाहीये. त्यावरून त्यांनी १९४९ मध्ये लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये मोतीबिंदूच्या रुग्णाला ॲक्रिलिकचं भिंग बसवलं.

कळंबचा_कारभारी
म्हंजे मॅडम, डोळ्यात गेलं तरी चालतंय का?

अंबाजोगाईची_दंतवैद्य
वाटलंच होतं कुणीतरी विचारेल. नाही चालत, कारभारी. आत शिरताना तो कपचा डोळा फाडून जातो. आणि एक्स-रेत तो जवळपास दिसत नाही, म्हणजे काढणाऱ्याचीही पंचाईत. नेहमीचा नंबरचा चष्मा पुरत नाही, बाजूनं झाकणारा सेफ्टी गॉगल घ्या. फिरत्या ब्लेडजवळ हातमोजे मात्र नकोत. दात मोज्यात अडकला की हात ओढला जातो.

मांजराकाठ
ब्लेड गार ठेवायला साबणाचं पाणी सोडतात ना? मोठ्या कारखान्यात तसंच असतं असं ऐकलंय.

गंजगोलाई
लातूरकराला पाणी सोडायला सांगताय! २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणून प्यायलोय आम्ही. आता ब्लेडसाठी वेगळी जलदूत मागवावी लागेल.

वाळूजकर_टूलरूम
😀 पाणी नकोच, पण कारण दुसरं. हातातला सॉ विजेवरचा आणि त्याच्या मोटरला हवेची भोकं. कारखान्यात शीतकाची सोय मशीनमध्येच बांधलेली असते. तुम्ही थंड ब्लेडच्या दोन्ही बाजूंना मेण चोळा, प्लग काढून. तेवढं पुरे. ब्लेडवर लेप बसलाच तर रॉकेलमध्ये भिजवून जुन्या टूथब्रशनं साफ करा. दात स्वच्छ असेल तर निम्मी उष्णता येतच नाही.

मांजराकाठ
मे महिन्यात पत्र्याच्या शेडमधे शीट आधीच ४५ अंशाला असते. वितळण्याचं खरं कारण आपला उन्हाळा आहे. मी तर उन्हाळ्यात पहाटेच कापतो.

शेंद्र्याचा_शेतकरी
पहाटे कापा, तब्येतीला बरं. पण वितळण्याचा दोष उन्हाळ्यावर नका टाकू. दाताच्या टोकाशी जी उष्णता होते तिच्यापुढं शेडची १५ अंशांची वाढ किरकोळ आहे. बोथट ब्लेड किंवा पडलेलं व्होल्टेज बघा. संध्याकाळी मोटारपंप सुरू झाले की आमच्याकडं बल्बसुद्धा पिवळा पडतो. त्यात पन्नास फुटांची बारीक एक्स्टेन्शन वायर. मग सॉ दमतो, माणूस हळू ढकलतो आणि शीट वितळते. वायर जाड आणि आखूड ठेवा.

उन्हाळा नडतो तो मापाला. ॲक्रिलिक दर मीटरला दर अंशाला साधारण ०.०७ मिमी वाढतं. आठ फुटी शीट जानेवारीच्या पहाटे १२ अंशाला मापून कापली आणि तोच बोर्ड मे महिन्यात ४२ अंशाला उभा राहिला, तर लांबी ५ मिमीनं वाढलेली असते. ऊन थेट पडत असेल तर आणखी. दुकानावरचे बोर्ड स्क्रूपाशी तडकतात ते म्हणूनच. भोक स्क्रूपेक्षा मोठं ठेवा आणि स्क्रू आवळून मारू नका.

आणि शीट उन्हात ठेवू नका. फिल्मचा गोंद भाजून बसतो, मग नखानं एकेक इंच सोलत बसा.

रंगारी_नांदेड
माझा मुद्दा वेगळा. धागाकर्ते लेझरपासून सुटका म्हणून सॉ घेतायत. पण लेझर मोकळा असला तरी पेटीला मी आता सॉचीच कड घेतो.

लेझरची कड आरशासारखी चकचकीत, गिऱ्हाईक खूश. पण तिथं क्लोरोफॉर्म (तो ॲक्रिलिक विरघळवून चिकटवतो) सोडून सांधा जोडला की थोड्या वेळात कडेजवळ बारीक तड्यांची जाळी उमटते. आधी आम्हाला वाटायचं क्लोरोफॉर्म भेसळीचा आहे. बाटल्या बदलून झाल्या, जाळी तशीच.

शेंद्र्याचा_शेतकरी
भेसळ नाही ती. लेझर कड वितळवून कापतो. तो पातळ थर पटकन थंड होताना आकसतो, आतला माल गारच असतो, म्हणून कडेत ताण अडकून राहतो. द्रावक लागला की ताण तड्यांच्या रूपानं सुटतो. कड चमकवायला ज्योत फिरवतात, तिथंही हेच. तापलेल्या सॉनं कापलेल्या कडेलाही थोडं होतं, म्हणून वर एवढं उष्णतेचं पुराण चाललंय. कड पुसायला थिनर, स्पिरिट वापरणारेही जाळी ओढवून घेतात. साबणाचं पाणी आणि मऊ कापड, बास.

लेझरचेच भाग चिकटवायचे असतील तर ॲनिलिंग करायचं. ओव्हनमध्ये ८० अंशांच्या आसपास काही तास ठेवून सावकाश थंड होऊ द्यायचं. जाडी वाढली की वेळ वाढतो.

मांजराकाठ
घरच्या केकच्या ओव्हनमधे चालेल का?

अंबाजोगाईची_दंतवैद्य
ज्यांचा ओव्हन आहे त्यांना विचारून मग बोला.

गंजगोलाई
रंगारी भाऊ, हे कुणीच सांगितलं नव्हतं. माझ्या पेट्यांनाही जाळी येते आणि मी क्लोरोफॉर्मवाल्यालाच शिव्या घालत होतो. म्हणजे दिसणारी कड लेझरची आणि चिकटणारी सॉची, असं धरू का?

रंगारी_नांदेड
तसंच धरा. सॉची कड दुधी दिसते, तिच्यावरून हॅक्सॉ ब्लेडची पाठ उभी धरून दोन-चारदा ओढा. सॉच्या रेषा निघतात, कड सपाट होते. कोपरे गोल होऊ देऊ नका, नाहीतर सांध्यात बुडबुडे दिसतात. क्लोरोफॉर्म सिरिंजनं सांध्याला लावला की आपोआप आत ओढला जातो आणि दुधीपणा जातो. दार-खिडकी उघडी ठेवा, त्याची वाफ छातीत चांगली नाही.

दुधनाकाठ
टेबल सॉचं राहिलंच की. पाहुणे चूक होते का?

वाळूजकर_टूलरूम
पाहुणे चूक नाहीत, जागा चूक आहे. आठ बाय चारची ६ मिमी शीट साधारण २१ किलोची. टेबल सॉवर ती ढकलायला पुढं आठ फूट आणि मागं आठ फूट मोकळं हवं. दहा बाय चौदात भिंत आडवी येते. हातातला सॉ शीटवर फिरतो, शीट जागेवर राहते. मोठ्या शीटच्या पट्ट्या हातसॉनं पाडायच्या, पुढं कधी जमलं तर छोट्या तुकड्यांसाठी लहान टेबल सॉ. २ मिमीच्या आतला माल मात्र यातल्या कशावरच नको, तिथं खेडकरांची आकडी.

पट्ट्या पाडताना ब्लेडची जाडी धरा. चार फूट म्हणजे १२२० मिमी. एक फुटी चार पट्ट्या हव्यात तर मधे तीन काप, प्रत्येकी अडीच मिमी, साडेसात मिमी चुऱ्यात गेले. चौथी पट्टी ३०५ ची भरणारच नाही. पेटीचं डिझाइनच ३०० वर करा.

कळंबचा_कारभारी
आन् त्यो साडेसात मिमीचा चुरा समदा अंगाला चिकटतो. थंडीत तर झटकला तरी जात नाय.

शेंद्र्याचा_शेतकरी
कोरड्या हवेत विद्युतभार साठतो. कोरड्या फडक्यानं पुसलं की आणखी चिकटतो, ओलसर फडकं घ्या.

गंजगोलाई
ठरलं तर. ७ इंची सर्क्युलर सॉ, ६० दातांचं ॲल्युमिनियमचं टीसीटी ब्लेड, जुन्या दाराचा फ्लश डोअर खाली अंथरायला, दोन सी-क्लॅम्प. डीलरला कास्ट शीट लिहून मागितली, त्यानं बिलावर लिहूनही दिलं. एक शेवटचं, हे ब्लेड बोथट झालं की धार कुठं लावायची? आमच्याकडं विळे-कोयत्यांना धार लावणारे आहेत.

वाळूजकर_टूलरूम
त्यांच्याकडं नका देऊ. साध्या दगडी चाकावर कार्बाइडला धार लागत नाही, डायमंड चाक लागतं आणि छाटलेल्या व सपाट दातांच्या उंचीतला बारीक फरक मशीनवरच सांभाळला जातो. वाळूज आणि चिकलठाण्यात टूल रीग्राइंडिंगची दुकानं आहेत, तिथं दाताची घडण सांगून द्या. आणि त्या ब्लेडनं लाकूड, प्लाय काही कापू नका, शेजारचा सुतार मागेल तरीही.

मिस्त्री_मामा_जालना
सुतार मागणारच.